अर्ध्या वितीचा रस्ता

१

आमचा रस्ता गेला तेव्हा त्याचं वय होतं चार महिने आणि नऊ दिवस. वीस वर्षं टिकेल असं फलकावर लिहिलेलं होतं. तो फलक अजून खणखणीत आहे.

बातमी मला दूधवाल्याने दिली. "काका, तुमच्या रस्त्याचे कान तुटलेत," एवढं बोलून तो सायकलवर बसला आणि गेला. मी तसाच चपला अडकवून निघालो.

रस्ता म्हणजे काय होतं, ते आधी सांगतो. खाली जुनं डांबर. ते वरून खरवडायचं, झाडून-धुऊन घ्यायचं आणि त्यावर अर्धी वीत जाडीचं काँक्रीट ओतायचं. रस्त्याला दोन पट्ट्या होत्या, एक शाळेकडची आणि एक दुकानांकडची. आधी शाळेकडची ओतली, आठवड्याने दुकानांकडची. वर हात-दीड हात अंतरावर उभ्या-आडव्या रेघा कापायच्या, म्हणजे रस्ता फरशी घातल्यासारखा चौकोनाचौकोनांचा दिसतो.

त्या रेघा कापणारा मी. काँक्रीट सुकताना आकसतं, आकसलं की तडकतं, हे काही कोणाला चुकलेलं नाही. तडा जायचाच, तो आपण सांगू त्या जागी जावा, एवढ्यासाठी बावीस वर्षं मी चाकाचं यंत्र ढकलतोय. फार लवकर कापलं तर रेघेच्या कडा भुसभुशीत होऊन पडतात. उशीर केला तर काँक्रीट तुमची वाट बघत बसत नाही, हवं तिथे तडकून मोकळं होतं. नेमकी वेळ मी अंगठ्याच्या नखाने ओळखतो. माझ्या रेघा इतक्या सरळ असतात की एका रस्त्यावर मुंग्यांनी आपली जुनी वाट सोडून माझ्या रेघेतून ये-जा सुरू केली होती. हे मी सांगितलं की टोळीतले सगळे हसतात. मला ते थापाकाका म्हणतात. आडनाव नाही, पदवी आहे.

तर दुकानांकडच्या पट्टीवर सत्तरेक पावलांच्या टप्प्यात चौकोनांचे कोपरे तिकोनी मोडले होते. कुठे कोपरा खचलेला, कुठे बस गेली की खालून कट्ट वाजणारा. मी वाकून बघत होतो, तेवढ्यात कार्यालयाचा शिपाई आला आणि पत्र हातात देऊन गेला.

पत्रात दोनच ओळी होत्या. रेघा उशिरा कापल्यामुळे रस्ता तडकला आहे. शनिवारी अकरा वाजता यंत्र कार्यालयात जमा करावं आणि टोळीतून नाव कमी झालं असं समजावं.

वार होता बुधवार.

२

रस्त्याच्या तपासणीला प्रयोगशाळेतून एक बाई आल्या. हातात छोटी हातोडी, पायात पुरुषी बूट, चेहऱ्यावर कसलीच घाई नाही. आल्या आणि रस्त्यावर उकिडव्या बसून प्रत्येक चौकोनावर टकटक करायला लागल्या. दुपारपर्यंत त्यांचं नाव टकटकबाई पडलं होतं. ते मीच पाडलं. सवय.

"रेघा तुम्हीच कापल्यात?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मीच. आणि वेळेवर कापल्यात."

"तसं सगळेच म्हणतात, काका."

"सगळे म्हणतात म्हणून खोटं ठरतं होय?"

त्या पुढे सरकल्या. शाळेकडच्या पट्टीवर हातोडी मारली, खण्ण. दुकानांकडच्या पट्टीवर मोडलेल्या जागी मारली, बद्द. तिसऱ्या चौकोनावर मारली, तो अजून मोडलेला नव्हता, तरी बद्द.

"हा उद्या मोडणार," त्या म्हणाल्या. "ऐकलंत? खाली पोकळ आहे. काँक्रीटने डांबराचा हात सोडलाय."

मग समजावून सांगितलं, आणि समजावताना त्यांचा आवाज जरा मऊ झाला. अर्ध्या वितीच्या काँक्रीटची एकट्याने बस पेलायची ताकद नसते. ते खालच्या डांबराला घट्ट चिकटलेलं असतं, दोघं मिळून एका अंगाने वाकतात आणि वजन पेलतात. चिकटलेपण सुटलं की वरचं पातळ एकटंच वाकतं, आणि कोपरा सगळ्यात दुबळा, म्हणून तोच आधी मोडतो.

"आणि उशिरा कापलं असतं तर?" मी विचारलं.

"तर पहिल्या दोन दिवसांतच तडकलं असतं. वेडंवाकडं, रेघेला न जुमानता. चार महिने थांबून कोपरे मोडले नसते."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. "मग हे साहेबांना सांगा की बाई."

"सांगायला माझ्याकडे कारण लागेल. नुसतं 'हे नाही' म्हणून चालत नाही, 'मग काय' ते दाखवावं लागतं. तुमच्याविरुद्ध कागद आहे, काका." त्या उठल्या, मोडलेला टप्पा पावलांनी मोजला, दोन्ही टोकांना खडूने खूण केली आणि कपाळाला आठी घातली. "हे चुकीच्या जागी सुरू होतंय. आणि चुकीच्याच जागी संपतंय."

"कसला कागद?"

त्यांनी पिशवीतून काढून दाखवला. 'कापणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, आम्ही स्वतः पाहिलं.' खाली तीन सह्या. खरवडयंत्र चालवणाऱ्याची, काँक्रीट कालवणाऱ्याची, आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत ठसठशीत, आमच्या मुकादमाची.

मुकादम म्हणजे माझा मेव्हणा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ.

३

मेव्हण्याला या धंद्यात आणला मी. अठरा वर्षांपूर्वी आमची ही म्हणाली, त्याला तुमच्या हाताखाली घ्या. घेतला. घमेलं कसं धरायचं इथपासून शिकवलं. चारचौघांत मला दाजी म्हणून हाक मारतो आणि मी नाही बघत असं बघून माझ्या डब्यातलं लोणचं खातो. मुकादम झाला तेव्हा माझ्या पाया पडला होता. पाया पडणारा माणूस पायांच्या किती जवळ असतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

पण बाई म्हणाल्या, आधी बाकीचे दोघे. त्यांना त्याच क्रमाने जायचं होतं ज्या क्रमाने रस्ता झाला.

खरवडयंत्र चालवणाऱ्याला आम्ही खरवड्या म्हणतो. तो यंत्राच्या सावलीत बसून दात कोरत होता. मला बघितलं आणि काडी टाकून दिली.

"डांबर खरवडल्यावर धूळ राहिली होती का?" बाईंनी विचारलं.

"एक कण नाही. दोन्ही पट्ट्या मी एकदमच खरवडल्या, दोन दिवसांत. मग यंत्र घेऊन पुढच्या कामावर दुसऱ्या गावी गेलो. झाडणं-धुणं मुकादमाने करून घेतलं, मी स्वतः बघितलंय."

"म्हणजे शाळेकडची ओतली तेव्हा दुकानांकडची शेजारी उघडीच पडून होती?"

"हो. आठवडाभर."

"आणि काकांनी उशिरा कापलेलंही तुम्ही स्वतः बघितलंत?"

खरवड्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. "ते काय... मुकादम म्हणाला. सगळे करताहेत तर मीही केली सही."

"अरे, तू तर तेव्हा दुसऱ्या गावी होतास," मी म्हटलं. "आत्ताच म्हणालास, यंत्र घेऊन गेलो."

"काका, तुम्ही तरी खरं-खोटं काढू नका. तुम्ही सांगितलं होतंत, तुमचा आजा वाघाला इस्त्री करायचा."

"वाघाला नाही, वाघाच्या कातड्याला," मी म्हटलं. पण मन लागेना.

काँक्रीट कालवणारा ढवळ्या. त्याच्यावर माझा खरा संशय होता. काँक्रीट सरसर वाहावं म्हणून कोणी बघत नसताना पाणी जास्त घालायची खोड त्याला जुनी. बाईंनी त्याला तेच विचारलं, तोंडावर.

"घातलं असेल बादली-दोन बादल्या," तो म्हणाला. "पण त्याने बिघडलं असतं तर अख्ख्या दिवसाचं काँक्रीट कच्चं निघालं असतं. मोडलंय ते सत्तर पावलं. पुढचं-मागचं त्याच दिवसाचं आहे आणि धडधाकट आहे. माझं पाणी काय मधेच उडी मारून गेलं?"

बाई थबकल्या. मग पहिल्यांदाच हसल्या. "हे तुम्ही फार चांगलं बोललात."

"आणि सही?" मी विचारलं.

"काका, तुम्ही आज ना उद्या घरी बसणारच. आमची पोरं शिकताहेत." ढवळ्याने खांदे उडवले. "मुकादमाशी वाकडं घेऊन आम्ही जायचं कुठे?"

वीस वर्षं याच माणसाबरोबर मी एका भांड्यातून चहा प्यायलोय. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात आमची ही महिनाभर त्यांच्याकडे राबली. तो खांदे उडवतो आणि मी बघत राहतो.

४

गुरुवारी बाईंनी गिरमिट लावलं. रस्त्यातून उभा गोल तुकडा कापून काढायचा, केळीच्या गाभ्यासारखा. वर काँक्रीट, खाली डांबर.

पहिला शाळेकडच्या पट्टीतून काढला. एकसंध. बाईंनी तो घणाने फोडला, तर डांबर फुटलं पण सांधा सुटला नाही. "याला म्हणतात संसार," त्या म्हणाल्या.

दुसरा मोडक्या टप्प्यातून. तो वर येतानाच दोन झाला. वरचा अलग, खालचा अलग, झाकण उचलावं तसा.

बाईंनी वरच्या तुकड्याचं पोट वर केलं. खरवडलेल्या डांबराच्या खाचांचा ठसा त्यावर उमटलेला होता, स्वच्छ, धुळीचा कण नाही. खरवड्या या बाबतीत तरी खरं बोलला होता. मग त्यांनी बोट पाण्यात बुडवून एक थेंब त्या पोटावर सोडला.

काँक्रीट पाणी पितं. लहान पोरालाही माहीत आहे. हा थेंब मात्र बसला तसाच राहिला, गोल, टपोरा. तुकडा जरा कलवला तर घरंगळून खाली गेला.

"अळवावरचं पाणी," मी म्हटलं.

"हो ना." बाईंनी खालच्या डांबरावरही थेंब टाकला. तो पण गोल. "सांगा काका, तुमच्या कामात असं काय वापरता, ज्यावर पाणी ठरत नाही?"

मला उत्तर लगेच सुचलं.

मेण.

ताजं काँक्रीट लवकर वाळू नये म्हणून त्याच्यावर आम्ही पातळ पांढरं मेण फवारतो. आतली ओल आत राहते. पण ते काँक्रीटच्या वर फवारायचं असतं, डोक्यावर. पोटाखाली नाही.

"वरचं मेण खाली कसं गेलं?" मी विचारलं.

बाईंनी तुकडा पिशवीत ठेवला. "गेलं नसेल. आधीपासून तिथेच असेल."

५

मोडक्या टप्प्यासमोर एका चष्मेवाल्याचं दुकान आहे. बाई तिथे चष्म्याचा दांडा घट्ट करायला गेल्या. मी दारात उभा राहिलो. दुकानाची काच रस्त्याच्या बाजूने बारीक पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली, गुडघ्यापासून छातीपर्यंत.

"ही काच पुसत का नाही तुम्ही?" बाईंनी विचारलं.

चष्मेवाल्याला कोणीतरी विचारायचीच खोटी होती. "पुसत नाही? नखं झिजली माझी. चार महिने झाले. गिऱ्हाईक नवा चष्मा लावतं, बाहेर बघतं आणि म्हणतं, नंबर चुकला, डोळ्यांपुढे ठिपके दिसतात. तीन माणसांना मी डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलंय. दोघं तपासून आले, तिसरा भांडून गेला."

"कधी पडले हे ठिपके?"

"समोरची पट्टी ओतत होते ना, शाळेकडची, त्या शुक्रवारी. काय वारा होता. माझी पाटी उडून गेली. तिथून सरळ इकडे."

बाई बाहेर आल्या त्या जवळजवळ धावतच. खडूच्या दोन खुणांपाशी मला उभं केलं.

"काका, दिवसाचं काम संपतं तिथे जो आडवा सांधा येतो, तो दाखवा. दुकानांकडच्या पट्टीत."

दाखवला. दिवसाचा सांधा जाड असतो, माझ्यासारख्याला लांबून कळतो. एक सांधा मोडक्या टप्प्याच्या बरोबर मध्यावर होता. म्हणजे ही पट्टी ओतली त्या आठवड्यातल्या बुधवारच्या कामाच्या मध्येच टप्पा सुरू होत होता आणि गुरुवारच्या कामाच्या मध्येच संपत होता.

"तुम्ही उशीर केला असता, किंवा पाणी जास्त पडलं असतं, तर दिवसाच्या सांध्यापासून दिवसाच्या सांध्यापर्यंत अख्खं बिघडलं असतं. बुधवारचं अर्धं आणि गुरुवारचं अर्धं कसं बिघडेल? म्हणून म्हटलं चुकीच्या जागी. आता शेजारी बघा, शाळेकडच्या पट्टीत."

मी बघितलं. शाळेकडच्या पट्टीत दोन सांधे होते, खडूच्या दोन्ही खुणांच्या अगदी समोर. सुतात. मोडक्या टप्प्याची लांबी म्हणजे शाळेकडच्या पट्टीच्या एका दिवसाचं काम.

"शुक्रवार," मी म्हटलं.

"शुक्रवार. आणि मोड कुठे जास्त आहे? रस्त्याच्या मधोमध, शाळेच्या पट्टीला लागून. बसथांबा दुकानांच्या कडेला आहे, वजन तिकडे जास्त पडतं, तरी तिकडे मोड कमी. गुन्हा या पट्टीत झालेलाच नाही, काका. त्या पट्टीवर मेण फवारत होते, वारा इकडे होता, आणि उघड्या खरवडलेल्या डांबरावर मेणाचा थर बसला. पुढच्या आठवड्यात त्याच्यावर काँक्रीट ओतलं."

माझी सुटका झाली होती. पण मला हसू येत नव्हतं. फवारणी कशी करतात ते मला माहीत होतं. फवारणाऱ्याच्या बरोबरीने दोन माणसं ताडपत्रीचा पडदा धरून चालतात, वारा असो वा नसो. तसा नियमच आहे. पडदा असता तर एक ठिपका इकडे आला नसता.

"मुकादमाच्या वहीत त्या शुक्रवारी पडद्याला दोन माणसं दाखवलीत," बाई म्हणाल्या. "नावंही लिहिलीत." आणि त्यांनी ती दोन नावं वाचली.

मी फुटपाथच्या कडेवर बसलो.

"काय झालं?"

"ते दोघे पडद्याला नव्हते," मी म्हटलं. "दिवसभर माझ्याकडे होते."

६

त्या शुक्रवारी सकाळीच माझ्या यंत्राच्या पाण्याची टाकी फुटली होती. चाक पाण्याशिवाय चालत नाही, जळतं. ऊन कडक, सकाळी सहाला ओतलेलं काँक्रीट बाराला कापायला तयार. मी मेव्हण्याला हाक मारली, दोन माणसं दे, नाहीतर रेघ चुकेल. त्याने क्षणात दिली. शाळेच्या नळावरून डबे भरभरून ते दोघे माझ्या चाकावर पाणी ओतत राहिले. कानावर झाकणं, डोळ्यांवर जाड चष्मा, रेघेवर नजर. मागे काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. त्या दिवशी एक रेघ चुकली नाही.

म्हणजे माझी कापणी वेळेवर झाली ती मेव्हण्याने माणसं दिली म्हणून. आणि तोच लिहून देतो की मी उशिरा कापतो.

चौकशीच्या तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मेव्हणा सामानाच्या कोठीत एकटा होता. बाई आणि मी आत गेलो. बाईंनी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली, त्या पानावर तुकडा ठेवला आणि थेंब सोडला. थेंब गोल बसला. त्याने तो बघितला आणि पिंपावर टेकला. नाकारलं काही नाही. तेवढं त्याला जमलं नाही.

"डांबर पांढरं झालेलं तेव्हाच दिसलं होतं," तो म्हणाला. "तासभर धुतलं. वाळल्यावर काळं दिसलं. म्हटलं, गेलं."

"आणि कोपरे मोडल्यावर?" बाईंनी विचारलं.

"कळलं."

"मग माझं नाव कशाला घातलंस?" मी म्हटलं. "खरवड्याचं घालायचं, ढवळ्याचं घालायचं. नाहीतर सरळ स्वतःचं. माझंच का?"

त्याने तुकड्यावरचा थेंब बोटाने पुसला.

"त्यांचं घातलं असतं तर ते भांडले असते, दाजी. साहेबांनी ऐकून घेतलं असतं. चौकशी झाली असती." त्याने मान खाली घातली. "तुमचं कोण ऐकतं? तुम्ही हजार वेळा म्हणालात की वेळेवर कापलं, तरी लोक हसणार. म्हटलं, इथेच मिटेल."

बावीस वर्षं मी लोकांना हसवलं. ते सगळं त्याने मोजून ठेवलं होतं आणि नेमकं वापरलं होतं. मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. हात उठलाही असेल.

"पडद्याशिवाय फवारायचं धाडस तरी कसं केलंत?" बाई म्हणाल्या. "अठरा वर्षं काम करताय. वारा दिसत नव्हता?"

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्याला वाटत होतं मला माहीतच आहे.

"दाजींनी सांगितलं होतं."

"मी?"

"तुम्ही एकदा वादळात दोन किलोमीटर रस्ता फवारला होतात ना, पडद्याशिवाय. नळी घोट्याच्या खाली धरायची, वाऱ्याकडे पाठ करायची आणि उलटं चालत जायचं. वारा पाठीला अडतो. शेजारून काळं कुत्रं चाललं होतं, त्याच्यावर एक ठिपका पडला नाही." तो हे सगळं पाठ असल्यासारखं म्हणाला. "तसंच केलं मी. उलटं चालत. दोनदा पडलो."

बाई माझ्याकडे बघत होत्या. कोठीत पिंपातून कुठेतरी थेंब-थेंब गळत होतं.

"अरे, ती गोष्ट होती," मी म्हटलं. "सगळे हसले होते."

"सगळे हसले. मी नंतर विचारलं तुम्हाला. आपण दोघंच होतो, ट्रकच्या मागे. म्हटलं, दाजी, खरंच असं होतं का? तुम्ही म्हणालात, मग काय, मी तुझ्याशी खोटं बोलेन?"

मला आठवलं. तोंड अगदी सरळ ठेवून म्हणालो होतो. नंतर घरी जाऊन एकटाच हसलो होतो, की याला तर कुत्रंसुद्धा पटलं.

७

शनिवारी अकराला साहेबांच्या खोलीत सगळे उभे होतो. बाईंनी अहवाल वाचला. मेण, वारा, सांधे, काचेवरचे ठिपके, पडदा नव्हता. मुकादमाने वही खोटी लिहिली आणि खोट्या सह्या घेतल्या, हे त्याने स्वतः कबूल केलं. गोष्टीबद्दल मात्र तो अवाक्षर बोलला नाही. खरवड्या आणि ढवळ्या भिंतीकडे बघत होते.

साहेब म्हणाले, मुकादमाने आजच काम सोडावं. काकांचं यंत्र काकांकडेच.

मी निघालो असतो तर चाललं असतं. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. पण पाय हलेनात.

"साहेब, पडद्याशिवाय फवारता येतं हे त्याला मी सांगितलं होतं," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. घोटा, पाठ, उलटं चालणं, कुत्रं. काही लपवलं नाही, काही तिखटमीठ लावलं नाही.

कुत्र्यापाशी ढवळ्याला हसू आवरेना. मग खरवड्याला. साहेबांनीही ओठ दाबले.

"काका," ते म्हणाले, "बायकोचा भाऊ आहे, समजू शकतो मी. पण त्याला वाचवायला थाप तरी जरा बरी मारायची. अठरा वर्षांचा अनुभवी मुकादम असल्या गोष्टीवर विश्वास ठेवेल?"

"ठेवला त्याने."

"बरं, बरं." साहेबांनी फाईल मिटली.

मी मेव्हण्याकडे बघितलं. मनात म्हटलं, आता तरी बोल, की हे खरं आहे. तो खाली बघत राहिला, आणि सगळ्यांच्या आधी निघून गेला.

बाहेर बाई बूट झटकत होत्या. "तुम्ही होता की कोठीत," मी म्हटलं. "तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मला गिरमिटाने जे काढता येतं तेवढंच मी लिहिते, काका," त्या म्हणाल्या. दुसरा बूट झटकत म्हणाल्या, "आणि वहीतला खोटेपणा त्याचाच होता. तो तुम्ही शिकवला नव्हता."

हे त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या. क्षणभर बरं वाटलंही.

८

घरी आलो तर ही भाजी निवडत बसली होती. डोळे लाल.

"तो येऊन गेला," ती म्हणाली. "सगळं सांगितलं. खोटी सही केली, तुमचं नाव घातलं. माझ्यासमोर बसून रडला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हटलं, ज्या माणसाने तुला उभा केला त्याच्याच पाठीत सुरा खुपसलास, आता या घराची पायरी चढू नकोस."

"आणखी काही म्हणाला?"

"आणखी काय म्हणणार? मला खूप वाटलं, काहीतरी कारण सांगेल. नुसतंच म्हणत होता, ताई, माझंच चुकलं."

म्हणजे कुत्र्याची गोष्ट त्याने बहिणीलाही सांगितली नव्हती. ती माझ्यासाठी शिल्लक ठेवली होती. मी सांगितली नसती तर हिला कधीच कळली नसती. बाई परत गेल्या होत्या आणि साहेब त्यावर हसून मोकळे झाले होते. एकतीस वर्षांच्या संसारात हिने माझ्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नव्हता. ही पण ती थाप म्हणून सोडून देईल, असंही मनात येऊन गेलं.

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. ट्रकच्या मागचं पण सांगितलं. मी त्याला काय उत्तर दिलं आणि नंतर घरी येऊन कसा हसलो, तेही.

ती हसली नाही. 'काहीतरीच काय' म्हणाली नाही. 'खरंच?' असंही विचारलं नाही. हातातली जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तो लहानपणापासून तसाच आहे," ती म्हणाली. "आपल्या माणसाने सांगितलं की त्याला खरं वाटतं. शाळेत पोरं त्याला फार फसवायची."

मग ती उठली. दाराशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"म्हणून तर मी तुमच्या हाताखाली दिला होता त्याला."